शेवटी आत येणारे

गराजच्या दारात बसून माती कालवत होते, तेव्हा तो वास आला. माती मिशिगनचीच, आमच्या मागच्या अंगणातली, फावड्याला चिकटून बसणारी. ट्रॉयमध्ये राहून मला पंचवीसेक वर्षं झाली, आणि या मातीशी माझं नातं काय, तर टोमॅटो धरत नाहीत म्हणून तिला नावं ठेवायची, एवढंच. पण त्या दिवशी तिच्यात बादलीतलं कोमट पाणी ओतलं, मनगटापर्यंत हात घातला, आणि थेट नांदरकोटच्या कुंभारणीच्या डोहाचा वास आला. ओल्या मडक्याचा, थोडा शेवाळाचा, थोडा गंजक्या लोखंडाचा. मी हात तसाच आत ठेवून बसून राहिले.

"पाणी जास्त झालंय," मागून आबा म्हणाले.

आबा म्हणजे माझे वडील. अंगात माझ्या नवऱ्याचं जाड जॅकेट, डोक्याला कानटोपी, गुडघ्यांवर माझी शाल, अशा थाटात ते घडीच्या खुर्चीवर बसले होते. आई गेल्यावर गावी एकटेच उरले होते, म्हणून उन्हाळ्यात ते कायमचे माझ्याकडे आले. 'कायमचे' हा शब्द मी वापरते, ते म्हणतात, "सध्या इथं असतो." त्यांच्यासाठी वरच्या खोलीतलं अख्खं कपाट मी रिकामं करून ठेवलंय, हँगर लावलेत, खालच्या खणात कागद अंथरलाय. बॅग मात्र अजून पलंगाशेजारी जमिनीवरच. रोज सकाळी चेन उघडायची, सदरा काढायचा, चेन लावायची. धुतलेले कपडे घडी घालून पुन्हा बॅगेत.

"आबा, कपाट आहे ना."

"असू दे. बॅगेत बरं सापडतं."

एवढ्यावर विषय संपायचा. पण रोज तो चेनचा आवाज मला खालपर्यंत ऐकू यायचा. आपला बाप आपल्याच घरात राहतोय आणि तरीही पाहुण्यासारखा दाराशी टेकलेला, हे बघवत नाही. त्यांनी ती बॅग रिकामी करावी, एवढी एकच गोष्ट मला या दिवाळीत हवी होती. म्हणून तर किल्ल्याचा घाट घातला होता.

दिवाळीत किल्ले सगळीच पोरं करतात. कुणी कुठला गड करतं, कुणी मनाला येईल तसा डोंगर रचतं. नांदरकोटची पोरं मात्र एकच किल्ला करायची, आपल्याच गावचा. घरोघर अंगणात तोच कोट, तेच बुरुज, तोच उत्तरेचा दरवाजा. बाहेरगावचे पाहुणे हसायचे. अरे, जरा दुसरं काही करा की! पण आम्हाला ते सुचायचंच नाही. समोर खरा उभा असताना दुसरा कशाला बघायचा, असं वाटायचं.

नदी जिथं कोपर काढते तिथं काळ्या दगडाचा भुईकोट, आणि कोटाच्या आतबाहेर सांडलेलं गाव, असं आमचं नांदरकोट. इतिहासाच्या पुस्तकात ते कुठंच नाही. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही, कारण पुस्तकात असलेल्या गावांना आमच्यासारखी सीताफळं कुठं होती! तटाच्या सांध्यासांध्यांतून सीताफळीची झाडं फुटलेली. ती कुणी लावली नव्हती, त्यांना धनी नव्हता. आश्विनात फळांचे डोळे उघडले की सगळ्या तटाला गोड, किंचित आंबूस वास सुटायचा, आणि आम्ही शाळेतून परस्पर तटावर. दप्तरं अडकवायची दरवाज्याच्या खिळ्यांना. ते अणकुचीदार खिळे हत्तींना रोखायला ठोकलेले; आमच्या काळात त्यांना दप्तरं, दुधाच्या किटल्या आणि कधीमधी कुणाचा ओला टॉवेल लटकलेला असायचा. पोरांची उंचीही त्यांच्यावरच मोजायची. "औंदा पोरगी वरच्या खिळ्याला लागली," म्हणून आई कौतुकानं सांगायची.

थंडीत ते दगड दिवसभर ऊन पिऊन घ्यायचे. संध्याकाळी तटाला पाठ टेकून उभं राहिलं की स्वेटर लागायचा नाही. उन्हाळ्यात नगारखान्याखाली गारवा असायचा, पण वटवाघळांचा उग्र दर्प सहन करावा लागायचा. म्हातारी मंडळी तिथल्या देवडीत पत्ते कुटत बसायची आणि वास येतो म्हणणाऱ्याला नाजूक म्हणून हसायची. पावसाळ्यात खंदकातले बेडूक असे काही पेटायचे, की शाळेत गुरुजी फळ्याकडे पाठ करून सरळ गोष्टीच सांगायला लागायचे. आणि तटाबाहेर ती चुन्याची घाणी. दगडी गोल चर, मधे कलंडलेलं दगडी चाक. कोट बांधताना बैल जुंपून तिच्यात चुना मळलेला, गूळ आणि बेलफळाचा गर घालून, असं आबा सांगायचे. मी एकदा त्या चराचा दगड चाटून पाहिला होता. गोड लागला नाही, पण मी मैत्रिणींना लागला म्हणूनच सांगितलं.

हा कोट ज्या घराण्यानं बांधला ते घराणं म्हणजे आम्ही. हे सांगताना मला अजून हसू येतं. नांदरकर सरकार! सरकारांचा वाडा माझ्या जन्माच्या पुष्कळ आधी गेला. जमिनी त्याच्याही आधी. आम्ही दरवाज्यालगतच्या तीन पत्र्याच्या खोल्यांत राहायचो, आबा गावच्या हायस्कुलात भूगोल शिकवायचे, आणि सरकार घराण्याची सून, म्हणजे माझी आई, रॉकेलच्या रांगेत उभी असायची. तलवार नाही, पालखी नाही. घराण्याचं म्हणून आमच्याकडे एकच उरलं होतं. हाक.

ती गोष्ट आबांनी मला तटावर बसून सांगितली होती, पुन्हा पुन्हा, दरवेळी थोडी वेगळी. सुलतानांच्या आपसातल्या लढायांचा काळ. आज एकाची फौज, उद्या दुसऱ्याची, आणि मधे चेंगरणारी आमच्यासारखी गावं. आमचा मूळपुरुष हैबतराव; देशमुखी मिळाली तेव्हा त्यानं वाडा बांधायच्या आधी कोट बांधायला घेतला. एकट्यानं नाही. गावच्या एकेका जमातीनं एकेक बुरुज उचलला, म्हणून आमच्याकडे बुरुजांना देवांची नावं नाहीत. कुंभार बुरुज, कोष्टी बुरुज, तेली बुरुज. कोट पुरा होऊन फार दिवस लोटले नव्हते, तोच एका दिवाळीच्या तोंडावर पलीकडच्या टेकाडामागं धूळ दिसली. गाव गुराढोरांसकट कोटात शिरलं. हैबतराव दरवाज्याबाहेर उभा राहिला, गावाकडे पाठ आणि रानाकडे तोंड करून, आणि ओरडला, "कोणी बाहेर राहिलंय का?"

एकदा. दोनदा. तिसऱ्या हाकेला नदीतून ओ आली. कुंभाराची विधवा बाई, माती काढायला डोहाकडे गेलेली, ती राहिली होती. हैबतरावानं दरवाजा लावून घ्यायला सांगितलं आणि तो तिला आणायला गेला. बाईला मागच्या बुरुजावरून दोर सोडून वर घेतलं. हैबतरावाला घेता आलं नाही.

"मग?" मी विचारायची.

"मग काय. तो बाहेर राहिला," आबा म्हणायचे, आणि सीताफळाच्या बिया खंदकात थुंकायचे.

फौज कधी उठली, कोट कसा वाचला, कोण जिंकलं, हे आबांनी मला कधी धड सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. मला आठवतं ते एवढंच, की त्यानंतर दरवर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी नांदरकर घराण्यातला कर्ता माणूस त्याच जागी उभा राहतो आणि तीच हाक देतो.

ती संध्याकाळ डोळ्यांसमोर आणायला मला डोळे मिटावे लागत नाहीत. दिवस मावळत आलेला. पणत्या मांडलेल्या, वाती भिजलेल्या, पण गावात एकही दिवा नाही. एकही फटाका नाही. तेलाचा, सारवलेल्या अंगणांचा, नव्या कपड्यांच्या कांजीचा वास. सगळं गाव दरवाज्याच्या आत दाटलेलं, आणि एकटे आबा उंबऱ्याबाहेर, पाठमोरे, धुतलेल्या धोतरात. पहिली हाक. मग शांतता. कारण बाहेर खरंच कोणी असलं, तर त्याची ओ ऐकू आली पाहिजे ना! तान्ह्या पोरांनासुद्धा आया पदराखाली घ्यायच्या. नदीचं पाणी वाजायचं, ते वर्षातून त्या एका दिवशीच ऐकू यायचं. दुसरी हाक. पुन्हा तेच. तिसरी हाक झाली की आबा थोडं थांबायचे, वळायचे, आणि उंबरा ओलांडून आत यायचे. त्यांचं पाऊल आत पडलं की मग अख्खं गाव एका तोंडानं ओरडायचं, "सगळे आत आले!" हैबतरावाला दरवर्षी असं गाव आत घ्यायचं. आणि मग जे दिवे लागायचे! मला वाटायचं, जगात दिवाळीची सुरुवात इथूनच होते, बाकीच्या गावांना आपलं झाल्यावर कळत असेल.

ही हाक आपण द्यावी असं मला फार वाटायचं. मुलीनं द्यायची की नाही हे कोणी ठरवलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. मी घाणीच्या चरात उकिडवी बसून हळू आवाजात सराव करायची. तिथं आवाज घुमायचा, आपण बरेच मोठे झालो असं वाटायचं.

हाक वर्षातून एकदा, पण तिचं वळण आमच्या घराला बाराही महिने लागलेलं. नांदरकर शेवटी आत जातो. पंगतीत शेवटी बसतो, देवळात शेवटी शिरतो. आणि एसटीत? तिथंही शेवटी! यष्टी आली की आबा दाराशी उभे राहून सगळ्या गावाला चढवायचे, म्हाताऱ्यांच्या पिशव्या वर द्यायचे, आणि "चला, झालं का सगळ्यांचं?" म्हणेपर्यंत कंडक्टर घंटी मारून मोकळा. आम्ही कितीतरी लग्नांना जेवणं उरकल्यावर पोहोचलो आहोत. आई वैतागून म्हणायची, "हैबतरावाला दोर तरी सोडला असता कुणी, यांना तोही सोडणार नाहीत."

इकडे येतानाही तेच झालं. मी त्यांना आणायला गेले होते, म्हणून निभावलं. विमान बदलताना मी पाणी आणायला गेले, परत येऊन बघते तर आबा बोर्डिंगच्या रांगेबाहेर उभे आणि येईल त्याला हातानं "या, या" करताहेत. लोक आभार मानत पुढे जाताहेत. शेवटी काउंटरवरची बाई दार ओढून घ्यायला लागली, तेव्हा मी अक्षरशः त्यांचा दंड धरून पळाले. आणि इथं ट्रॉयमध्ये, इंडियन स्टोअरचं काचेचं दार एकदा त्यांनी कुणासाठी तरी धरलं, ते माझी भाजी, डाळी, दिवाळीच्या पणत्या सगळं घेऊन होईपर्यंत धरूनच उभे. कॅशवरची गुजराती मावशी मला हळूच म्हणाली, "अंकल को हमने रखा नहीं है, फिर भी बहुत अच्छा काम करते हैं।"

किल्ल्याच्या कामात तिसरी भिडू माझी मुलगी. जुई इथंच जन्मली. ट्रॉयमधल्या मराठी घरांत मुलं गाड्यांच्या कंपन्यांत जातात किंवा कॉम्प्युटरवर बसतात. जुई शेजारच्या गावी फायरफायटर आहे. मंडळात कोणी विचारलं, जुई काय करते, की मी सांगते, आग विझवते. लोक हातातल्या प्लेटकडे बघतात. मग कोणीतरी म्हणतं, "नाइस!" तिचे बाबा कारखान्याच्या कामासाठी सध्या मेक्सिकोत, ते तिथून रोज विचारतात, आज आग नव्हती ना कुठं?

सुट्टीच्या दिवशी ती आली आणि कोपरापर्यंत मातीत बसली. बुरुज ती हातानं असे काही थापत होती, की आबाही खुर्चीतून पुढे सरकले. "कोष्टी बुरुज जरा बुटका कर. कोष्टी हिशेबी होते." मग अर्थातच गोष्ट आली. हैबतराव, धूळ, कुंभारीण, हाक. मी जुईला ती लहानपणी सांगितली होती, पण इंग्रजीत सांगितलेली गोष्ट तिच्या लक्षात राहिली नव्हती. आबांनी मराठीत सांगितलेली ती तोंड उघडं टाकून ऐकत होती.

"वेट, आबा. हाकेनंतर सगळे एकदम शट अप? पूर्ण गाव?"

"पूर्ण गाव."

"ओ माय गॉड, आई, वी डू दॅट!" मातीचे हात हवेत. "घरात आग लागली ना, की आम्ही आत जातो आणि ओरडतो, कोणी आहे का? मग एकदम सायलेंट. कोणी हलायचं नाही. लहान मुलं घाबरून लपतात ना, कपाटात, बेडखाली. आवाज खूप छोटा असतो त्यांचा. सो यू हॅव टू लिसन."

आबांनी कानटोपी वर केली. "आणि मग शेवटी बाहेर कोण येतं?"

"आमचा कॅप्टन. ऑलवेज."

"हां!" आबा समाधानानं मागे टेकले. अमेरिकेतली सगळी अग्निशामक दलं नांदरकोटातूनच निघाली आहेत, असा काहीसा भाव त्यांच्या तोंडावर होता.

मला आनंद झाला, खोटं का बोलू. पण त्या रात्री जेवताना मी यंदाच्या हाकेचा विषय काढला आणि सगळ्यावर विरजण पडलं. नवरात्रातच आबांनी गावी फोन करून सांगून टाकलं होतं, की यंदापासून हाक नाही. गावात नांदरकर म्हणावं असं आता कोणी नाही. फोन घेतला होता सुमननं. ती आबांची विद्यार्थिनी, आता त्याच शाळेची मुख्याध्यापिका. तिनं सुचवून पाहिलं, "सर, व्हिडिओवरून द्या ना." आबा म्हणाले, "हाक देणारा दरवाज्याबाहेर उभा असतो, सुमन. सोफ्यावर नाही." आणि फोन ठेवला.

"एवढ्या वर्षांची हाक, आबा, अशी..."

"गोष्टी संपतात, पोरी. मी गाव सोडलं तेव्हाच संपली." त्यांनी ताट सरकवलं आणि वर गेले. थोड्या वेळानं चेनचा आवाज आला.

गराजमधला किल्ला मात्र वाढत होता. खिडकीशी ठेवलेला, म्हणून बुरुजांवर पेरलेल्या अळिवाला कोंब फुटले. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी खाली जायची आणि त्या हिरव्या लवेवर नाक टेकवायची. तिखटसर, कोवळा वास. बाहेर गवतावर पांढरं दव गोठलेलं, मेपलची पानं ओल्या रस्त्याला चिकटलेली, आणि आत मुठीएवढ्या तटावर आश्विन. कधीकधी आबाही शेजारी येऊन उभे राहायचे.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नांदरकोटात सूर्य मावळतो तेव्हा इथं सकाळचे साडेआठ वाजलेले असतात. मी दारात रांगोळी काढत होते, गार बोटांतून ती नीट सुटत नव्हती. आबा पायरीशी उभे राहून ठिपके चुकलेले दाखवत होते. तेवढ्यात फोन वाजला. सुमन. स्क्रीनवर आधी नुसता अंधार, मग तिचा चेहरा, आणि तिच्यामागं ते खिळे. ते खिळे दिसले आणि माझ्या हातातली रांगोळी सांडली.

"सर, दिवस मावळला. सगळे जमलेत. एकही पणती लावलेली नाही कुणी."

"लावा म्हणावं. मी सांगितलं होतं तुला."

"मी सांगून थकले, सर. ऐकत नाहीत. रखमाकाकू म्हणतात, हाकेशिवाय मी काडी ओढायची नाही. आणि त्यांनीच नाही म्हटल्यावर बाकीच्या बायका कसल्या ओढतात!"

तेवढ्यात जुईची गाडी ड्राइव्हवेत वळली. चोवीस तासांची शिफ्ट करून आलेली, केस विस्कटलेले, अंगाला धुराचा वास. तिनं एकदा फोनकडे, एकदा आबांकडे पाहिलं.

"व्हॉट्स गोइंग ऑन?"

मी सांगितलं. हाक देणारा दरवाज्याबाहेर लागतो, आणि आबा इथं आहेत.

"पण आबा," जुई म्हणाली, "तुम्ही मिशिगनमध्ये आहात. याच्याहून बाहेर कुठे असतं?"

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कानटोपी काढून माझ्या हातात दिली, जॅकेट काढलं, आतला सदरा नीट केला आणि ड्राइव्हवेच्या टोकापर्यंत चालत गेले. घराकडे पाठ, रस्त्याकडे तोंड. ती पाठ मी लहानपणापासून ओळखत होते. आता ती पाठ खूप लहान झाली होती.

"कोणी बाहेर राहिलंय का?"

पहिली हाक बारीक निघाली, चिरकली. पण फोनमधून आवाज आला नाही, कुणी कुजबुजलंसुद्धा नाही. इतक्या लांबून, त्या एवढ्याशा यंत्रातून, मला नांदरकोटची शांतता ऐकू येत होती. आणि त्या शांततेच्या तळाशी नदी. आमच्या रस्त्यावर एक पान पडलं, तेही ऐकू आलं.

दुसरी हाक माझ्या ओळखीची होती. छातीतून निघालेली, लांबवर जाणारी. समोरच्या घराचा पडदा हलला.

तिसरी निघालीच नाही. आबांनी मान वर केली, श्वास घेतला, आणि त्यांचे खांदे हलायला लागले. जुई एक पाऊल पुढे झाली. पण त्याआधीच, मी काही ठरवायच्या आत, माझा आवाज निघून गेला होता.

"कोणी बाहेर राहिलंय काऽऽ?"

कसला तो आवाज! रिक्षा थांबवावी तसा. शेजारचा कुत्रा भुंकायला लागला. घाणीत बसून केलेल्या एवढ्या सरावाचा काही म्हणजे काही उपयोग झाला नाही. पण आबांनी वळून माझ्याकडे जे पाहिलं, ते मी जन्मभर जपून ठेवीन.

फोनमध्ये अजून शांतताच होती. मग सुमन हलक्या आवाजात म्हणाली, "सर, आत या ना. आम्ही थांबलोय."

आबा जागचे हलले नाहीत. "आत म्हणजे कुठं, सुमन?" ते म्हणाले. "माझं आत तिकडंच राहिलं."

कपाट, हँगर, अंथरलेला कागद, सगळं एकदम पोरकट वाटलं. मी त्यांची टोपी हातात घेऊन नुसती उभी राहिले. पलीकडे अख्खं गाव काळोखात ताटकळलेलं.

जुई त्यांच्याजवळ गेली. "आबा, चला. तुम्ही आधी."

"तू हो पुढं," आबा सवयीनं म्हणाले.

"नो. मी लास्ट." तिनं त्यांचा हात धरला. "आत्ता सकाळी मी शिफ्ट दिली ना? दुसरी टीम येते, आपण त्यांना सांगतो, हे असं आहे, ते तसं आहे, आता तुम्ही बघा. मग घरी जायचं असतं, आबा. दॅट्स द रूल. तुमची शिफ्ट संपली. ती मला द्या."

जुईचं आडनाव नांदरकर नाही. ती मराठी बोलते तेव्हा तिचे 'ण' आणि 'न' एकमेकांच्या घरी जाऊन बसतात. आबांनी तिच्या त्या धुरकट, विस्कटलेल्या डोक्याकडे पाहिलं. नदीतली माती काढणाऱ्या बाईसाठी कोण परत गेलं होतं ते त्यांना आठवलं असेल का? मला तर तेच आठवलं. त्यांनी तिच्या केसांवरून एकदा हात फिरवला.

"नीट ऐकायचं हं," ते म्हणाले. "घाई नाही करायची."

आणि आबा घराकडे वळले. आमच्या दाराला उंबरा असा नाहीच, ॲल्युमिनियमची एक पट्टी आहे. रांगोळी वाचवत, चपला काढून, आयुष्यात पहिल्यांदाच दोन माणसं मागं ठेवून आबांनी ती पट्टी ओलांडली. त्यांच्यामागून मी. जुई पायरीवर थांबली, रस्त्याकडे वळली. कुत्रा फिरवत चाललेले शेजारी तिच्याकडे बघत होते.

"कोनी बाहेर राहिलंय का?" तिनं विचारलं. ओरडून नाही, साध्या आवाजात, आणि मान किंचित कलती करून ऐकत राहिली.

शेजाऱ्यांनी हात केला. "एव्हरीथिंग ओके?"

"ऑल गुड!" जुई म्हणाली, आत आली आणि तिनं दार लावलं.

"सगळे आत आले!" फोन माझ्या हातात थरथरला. मग पडद्यावर एक पणती, मग दुसरी, मग मोजता येणार नाहीत एवढ्या, आणि त्या उजेडात रखमाकाकू कुणाला तरी ओरडताना दिसल्या, की आधी दरवाज्यात लाव रे! मी रडत होते आणि हसत होते. जुई मला धरून "आई, आर यू ओके?" करत होती. सुमन काहीतरी सांगत होती, ते फटाक्यांत बुडून गेलं.

भानावर येऊन बघते तर आबा खाली नव्हते. मी जिन्याशी गेले. वरून चेनचा आवाज आला, पण रोजच्यासारखा अर्धवट नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग लाकडी खण ओढल्याचा. मग बराच वेळ काही नाही.

"अगं ए," आबांची हाक आली, "हँगर कमी पडताहेत."